भट्टीच्या पानाला सर्टिफिकेट नव्हतंच

या सदरातले अनुभव मी गेली चार वर्षं वाचतेय आणि दर वेळी वाचून चिडतेय. कुणाला घाटात पाठमोरी बाई दिसते, कुणाच्या मावशीला स्वप्नात निरोप येतो, आणि खाली पन्नास जण "अंगावर काटा आला" असं लिहून मोकळे होतात. त्यातल्या निदान दहा जणांशी मी इथंच भांडलेय. तेव्हा वर माझं नाव बघून जुन्या वाचकांना हसू आलं असेल... खुशाल हसा. मी भूत मानत नाही, देव मानत नाही, "काहीतरी शक्ती असते" हे गुळमुळीत वाक्य तर अजिबात मानत नाही. हे सगळं लिहून संपल्यावरही मानणार नाही. तरी लिहितेय, कारण न लिहिणं हा भित्रेपणा झाला असता.

आमचं घर पडेगावला. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. नोकरी सांभाळून त्यांनी जन्मभर पत्रकं काढली. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी का येतं इथपासून ते ताईत विकणाऱ्या बाबाच्या ताईतात नेमकं काय असतं इथपर्यंत... विषय कुठलाही असो, मजकूर एका पानात आणि खाली स्वतःचं खरं नाव. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांच्या प्रुफांवर. चौथीत होते तेव्हा छावणीच्या आठवडी बाजारात पहिल्यांदा पत्रकं वाटली. एका माणसाने माझ्या डोळ्यांदेखत पत्रकाचा द्रोण करून त्यात भजी घेतली. मी रडले. आण्णा म्हणाले, "भजी खाऊन झाल्यावर वाचेल. तू पुढच्याला दे."

तर अशी मी. कॉम्प्युटर इंजिनिअर झाले आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळायला लागले. कारखान्याचं नाव लिहीत नाही. गाड्यांचे गिअर बनतात, एवढं पुरे. दोनशेच्या आसपास माणसं आणि साठ-सत्तर कॉम्प्युटर. आयटी विभाग म्हणजे मी, एक टेबल, आणि इंटरकॉम नंबर २१७.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्यांना कॉम्प्युटरचं वावडं आहे त्यांनी एवढं समजून घ्या, पुढं सगळं सोपं आहे. तुम्ही एखादी वेबसाईट उघडता तेव्हा ती साईट ब्राउझरला आपलं ओळखपत्र दाखवते. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. त्यावर नाव असतं, मुदत असते, देणाऱ्याची सही असते. नाव जुळलं नाही, मुदत संपली, सही अनोळखी निघाली, की ब्राउझर साईट उघडतच नाही. पानभर इशारा देतो. लाल त्रिकोण, 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट', वगैरे. खाली बारीक अक्षरात 'अॅडव्हान्स्ड' असतं. ते दाबलं की 'प्रोसीड' येतं. ते दाबलं की इशारा बाजूला सारून तुम्ही आत जाता. आमच्याकडे सगळे त्याला 'लाल पान' म्हणायचे.

मी रुजू झाले तेव्हा कंपनीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक साईटवर लाल पान यायचं. हजेरीवर, रजेच्या अर्जावर, कॅन्टीनच्या कूपनवर. सर्टिफिकेटांच्या मुदती कधीच संपल्या होत्या आणि नव्या करायला कुणाला वेळ नव्हता. त्यावर उपाय काय केला होता? प्रत्येक मॉनिटरच्या कडेला लॅमिनेट केलेली चिठ्ठी — "लाल पान आल्यास घाबरू नये. आधी अॅडव्हान्स्ड, मग प्रोसीड दाबावे. — उत्पादन विभाग." दोनशे माणसांना पद्धतशीर शिकवलं होतं की इशारा आला की तो न वाचता दोनदा क्लिक करायचं. माणसं इतकी तरबेज झाली होती की डोळे दुसरीकडे ठेवून दाबायची.

मला ते सहन झालं नाही. तीन महिने खपून मी सगळ्या साईटची सर्टिफिकेटं नवी केली. मग एक एक करून त्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या आणि माझी चिठ्ठी लावली. होय, पत्रकच ते. "लाल पान आलं तर हात मागे. काहीही दाबू नका. फोन २१७. इशारा तुमच्यासाठी आहे, वरिष्ठांच्या सोयीसाठी नाही."

उत्पादन विभागाचे मॅनेजर जोगदंड साहेब चिठ्ठी वाचून माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, तुम्ही वायरी सांभाळा. क्रांतीचं आपण जेवणाच्या सुट्टीत बघू."

"वायरीच सांभाळतेय सर," मी म्हणाले.

ती चिठ्ठी मनापासून कुणी पाळली असेल तर ती एकट्या शेषराव काकांनी. शेंद्रा गावातलेच. सकाळी शेतावर चक्कर मारून पहिल्या पाळीला यायचे. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर त्यांची तेवीस वर्षं झालेली, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. चिठ्ठी लावायला गेले तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली होती.

"म्हंजे साहेबानं दाब म्हणलं तरी नाय दाबायचं?"

"नाही काका."

"तुम्ही म्हणला तरी?"

"मी म्हटलं तरी नाही."

"लई बेस," ते म्हणाले. तेव्हा मला वाटलं, गंमत करताहेत.

घटना घडली ती एका मंगळवारी, दुपारी पावणेतीनला. शेड नंबर दोन, हीट ट्रीटमेंट. बाहेर लख्ख ऊन. रात्र नव्हती, वारं नव्हतं, दिवे गेले नव्हते, कुत्रंही रडलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय.

फोन वाजला.

"ताई, तुमचं लाल पान आलंय. हात मागं घेतलाय म्या."

"कुठल्या साईटवर, काका? रजेच्या?"

"नाय. भट्टीच्या."

"भट्टीच्या पानावर ते येऊच शकत नाही."

"कामून येऊ शकत नाय? आलंय की. म्होरं बसलोय त्याच्या."

का येऊ शकत नाही, ते सांगते. भट्टीला एक जुना पॅनल आहे. त्याचं एक साधं वेब पान काकांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उघडतं. तापमान, तेलाची पातळी, आणि बास्केट सोडायचं बटन. आत गिअरची बास्केट तापून लाल झाली की ते बटन दाबायचं, मग बास्केट शेजारच्या तेलाच्या टाकीत बुडते. पान उघडलं नाही तर बास्केट सुटत नाही. आणि या पॅनलला सर्टिफिकेटच नव्हतं! इतका जुना की त्याला ते देताही येत नव्हतं. मी स्वतः प्रयत्न करून सोडून दिला होता. ज्याच्याकडे ओळखपत्रच नाही, त्याच्या ओळखपत्रात खोट कशी निघेल? शिवाय भट्टीचं नेटवर्क वेगळं, इंटरनेटशी त्याचा संबंध नाही.

मी लॅपटॉप घेऊन निघाले. चार मिनिटांत पोचले. पान होतं.

लाल त्रिकोण, तेच इंग्रजी शब्द, वरच्या पत्त्यात भट्टीच्या पॅनलचाच नंबर. मी सर्टिफिकेटचा तपशील उघडला. नावाच्या जागी पॅनलचा तोच नंबर. देणाऱ्याची जागा कोरी. मुदत संपल्याची तारीख साधारण आठ महिन्यांपूर्वीची, वेळ सकाळी अकरा वीस. मी मोबाईल काढला आणि दोन फोटो घेतले. एक पानाचा, एक तपशिलाचा. या सदरात अशा वेळी फोटो नेहमी कोरा येतो ना? माझे आले नाहीत. स्वच्छ आहेत, आजही माझ्याकडे आहेत. अडचण तीच आहे.

पान पुन्हा उघडून पाहिलं. तेच. काकांच्या कॉम्प्युटरवरचा दुसरा ब्राउझर उघडला, तिथंही तेच. मग माझा लॅपटॉप त्याच जागी जोडला... आणि त्यावर भट्टीचं नेहमीचं पान सरळ उघडलं. तापमान, तेल, हिरवं बटन. सगळं ठीक.

तेवढ्यात जोगदंड साहेब आले. "काय चाललंय? बास्केट पंधरा मिनिटांपूर्वी सुटायला हवी होती!"

"लाल पान आलंय," काका म्हणाले.

"मग दाबा ना प्रोसीड!"

"नाय."

"नाय म्हणजे?"

"चिठ्ठीवर लिवलंय साहेब. ताईनं."

साहेबांची नजर माझ्या लॅपटॉपवर गेली. "अहो, तुमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय! इथून सोडा."

खरं सांगते, मी सोडणार होते. माझ्या हिशेबात ते पान अशक्य होतं. आणि जे अशक्य आहे ते खोटं, म्हणजे कॉम्प्युटरचा काहीतरी बिघाड. तो सावकाश शोधता आला असता. माझा हात बटनाकडे गेलासुद्धा.

काका उठून उभे राहिले. "ताई, तुम्ही म्हणला तरी नाय दाबायचं, असं तुम्हीच म्हणला व्हता."

"काका, हे वेगळं आहे. पान खोटं आहे."

"मंग चिठ्ठीवर तसं लिवा. खरं पान आलं तर हात मागं, खोटं आलं तर दाबा. आन् कोन्तं खरं ते आमी कसं वळखायचं, त्ये बी लिवा."

जोगदंड साहेब हसले. हसू बरं नव्हतं. "शेषराव, दीड वर्ष राहिलंय ना तुमचं?"

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉपचं झाकण मिटलं. "सर, कारण कळेपर्यंत बास्केट सुटणार नाही. जबाबदारी माझी."

लाईन थांबली की मेंटेनन्सचा माणूस येतो. रहीमभाई आले. तीस वर्षांचे मुरलेले फिटर, कॉम्प्युटरशी देणंघेणं नाही. "स्क्रीन का लफडा है क्या? फिर मेरा क्या काम," म्हणाले. पण आलेच आहेत तर रिकामं कशाला बसायचं, म्हणून टाकीच्या मागं गेले आणि सवयीने तळाचा कॉक थोडा उघडून बघितला.

"मॅडम..." त्यांचा आवाज वेगळाच आला. "इधर आओ. ये तेल नक्को बोलो इसकू. पानी है."

कॉकमधून आधी दुधासारखं गढूळ आलं, मग निव्वळ पाणी. बादली भरली तरी थांबेना.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना सांगते. तेलाखाली पाणी साचलं आणि वरून लाल तापलेलं चारशे किलो लोखंड आत पडलं, की त्या पाण्याची क्षणात वाफ होते. ती वाफ पेटतं तेल बाहेर फेकते. टाकीसमोर चार माणसं उभी असतात. पहिली जागा शेषराव काकांची.

साहेब तिथल्या लोखंडी स्टुलावर बसले. काकांनी टोपी काढून हातात धरली. मी वळून कॉम्प्युटरकडे पाहिलं. लाल पान गेलं होतं. भट्टीचं साधं पान उघडं होतं, हिरवं बटन दिसत होतं. कुणीही माऊसला हात लावलेला नव्हता. तीन पंचवीस झाले होते.

इथं संपवता आलं असतं. पण पुढं जे झालं ते मला त्या पानापेक्षा जास्त भयंकर वाटतं.

शुक्रवारी शेषराव काकांना कारणे दाखवा नोटीस आली. "परवानगीशिवाय चाळीस मिनिटे उत्पादन थांबवले. त्यासाठी खोटे कारण सांगितले." पाणी? ते म्हणे मेंटेनन्सच्या नेहमीच्या तपासणीत सापडलं. त्याचा थांबण्याशी संबंध नाही. पॅनल बनवणाऱ्यांकडून ईमेलही मागवला होता — या पॅनलवर असा इशारा येणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. बरोबरच लिहिलं होतं. मीही तेच लिहिलं असतं.

असं का केलं, हे मला दोन दिवसांनी कळलं. काकांचं थांबणं योग्य ठरवलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. टाकीला पाण्याचा अलार्म आहे, तो का वाजला नाही?

नोटिशीवरची चौकशी पुढच्या गुरुवारी ठेवली होती; मधल्या पाच दिवसांत मी सगळं शोधलं. यातलं काही कळणारे वाचक असतील तर त्यांच्यासाठी: त्या वेळी त्या नंबरवर दुसरं कुठलंही यंत्र आलेलं नव्हतं, स्विचमध्ये नोंद नाही. ब्राउझरने आपणहून सुरक्षित पत्ता उघडायचा प्रयत्न केला असं धरलं, तरी पॅनल त्या दारावर ऐकतच नाही. मग पान उघडलं नाही असं दिसेल, सर्टिफिकेटचा इशारा दिसणार नाही. कॉम्प्युटरमध्ये घुसखोर प्रोग्राम नाही. दोन्ही ब्राउझरच्या इतिहासात तेवढ्या वेळेला फक्त नेहमीचा पत्ता. हाती उरलं काय? माझे दोन फोटो. त्यावर साहेब म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवाले काय वाटेल ते बनवता."

फोटो मी रहीमभाईंना दाखवले. कॅन्टीनमध्ये, चहा पिताना. त्यांनी तारीख वाचली आणि कप खाली ठेवला.

"ये तारीख आपकू किसने बोली?"

"कुणी नाही. पानावर होती."

"रजिस्टर देखना पडेंगा."

टूलरूमच्या कपाटातून त्यांनी मेंटेनन्सचं हाताने लिहायचं रजिस्टर काढलं. कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्याकडे. हे रजिस्टर कुठल्याही कॉम्प्युटरवर चढवलं जात नाही. आठ महिन्यांपूर्वीचं पान. तीच तारीख. "स. ११.२०. टाकी वॉटर अलार्म सारखा वाजतो. उत्पादन थांबते. वायर काढली. तोंडी आदेश, जोगदंड साहेब." अक्षर रहीमभाईंचं.

"मैं इच निकाला था," ते म्हणाले. "दो दिन का बोले थे. फिर भूल गया मॅडम. सच्ची भूल गया."

मी त्यांना स्पष्ट विचारलं, "हे पान तुम्ही केलंत का? किंवा कुणाकडून करवून घेतलंत? मी कुणाला सांगणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. "मेरेकू करना आता तो वायर इच नै जोड देता?"

बरोबर होतं. आणि तेल गार ठेवणाऱ्या कूलरची प्लेट फुटून त्यातलं पाणी टाकीत शिरायला लागलं ते त्याच मंगळवारी सकाळी. दुरुस्तीला आलेल्या माणसाने तसं लेखी दिलं. पाणी शिरतंय हे त्या दुपारी पृथ्वीवर कुणालाच माहीत नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी जोगदंड साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, झालं ते झालं. आपण असं करू, नोटीस मागे घेऊ. शेषरावांचा सत्कार करू, शाल-श्रीफळ. आणि भट्टीजवळ एक छोटं मंदिर. लोकांचीच इच्छा आहे हो, सगळे म्हणताहेत देवानं वाचवलं. तुम्ही फक्त 'संगणकातील तांत्रिक त्रुटी' एवढं लिहून द्या. रजिस्टर बिजिस्टर काढायची गरज नाही."

किती सोपं होतं! देव आला की वायर कुणी काढली हे विचारायचं कारण उरत नाही. आण्णांच्या पत्रकांत हे मी शंभर वेळा वाचलं होतं, पण कुणी माझ्यासमोर चहाच्या कपासोबत ठेवलं नव्हतं.

"विचार करते," म्हणाले आणि घरी आले. कारण काकांची नोकरी त्या कागदावर अवलंबून होती.

घरी बसून दोन निवेदनं लिहिली. पहिलं साहेबांना हवं तसं, ते फाडलं. दुसऱ्यात फक्त वायर होती आणि रजिस्टर. पानाचा विषय मी एका ओळीत गुंडाळला, 'संशयास्पद इशारा आल्याने' असं. तारखेबद्दल काहीच लिहिलं नाही. ते आण्णांना वाचायला दिलं.

"फोटोतली तारीख कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ती नको, आण्णा. ती लिहिली की सगळे चमत्कार म्हणून नाचतील. आपण आयुष्यभर ज्यांच्याशी भांडलो त्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. आणि मला लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"पत्रकवाल्याच्या पोरीला भूत दिसलं."

आण्णांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "त्या माणसाने अलार्म सारखा वाजतो म्हणून वायर काढली. तुझ्या डोक्यात एक गोष्ट सारखी वाजतेय. तू काय करतेयस?"

मी कागद परत घेतला.

चौकशी गुरुवारी तीन वाजता झाली. एचआरच्या मॅडम, वरच्या ऑफिसचे एक साहेब, जोगदंड, आणि टोपी मांडीवर ठेवून बसलेले शेषराव काका. मी पूर्ण निवेदन वाचलं. पान आलं. मी पाहिलं. ते येणं अशक्य आहे हेही मीच सांगते. ही त्यावरची तारीख आणि वेळ. आणि हे रजिस्टर. रहीमभाई दाराबाहेर थांबले होते, आत येऊन म्हणाले, "अक्षर मेरा है, सही भी मेरी."

एचआरच्या मॅडमनी फोटो आणि रजिस्टर शेजारी ठेवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "पण मग... ते पान दाखवलं कुणी?"

"माहीत नाही."

"तुम्ही नेटवर्क इंजिनिअर आहात आणि तुम्हाला माहीत नाही?"

"नाही, मॅडम. पान कुणी दाखवलं ते मला माहीत नाही. वायर कुणी काढली ते माहीत आहे. ही चौकशी कशाची आहे ते तुम्ही ठरवा."

शेषराव काकांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ते उभे राहिले. "म्या काय शिकलेला नाय. हात मागं घे म्हणलं, घेतला. त्येच्यात माझं काय चुकलं, एवढंच सांगा."

शनिवारी नोटीस मागे घेतली गेली. सत्कार झाला नाही. मंदिरही झालं नाही, मी होऊ दिलं नाही. त्यावरून निम्मी शेड महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती. अलार्मची वायर जोडली गेली. साहेबांची दुसऱ्या प्लांटला बदली झाली. शिक्षा नव्हे, बदली. त्यावर माझं पत्रक तयार आहे, ते वेगळं.

परवा भट्टीवर गेले तर काकांच्या मॉनिटरच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लागलेलं दिसलं. मी खिशातून रुमाल काढला.

"ऱ्हाऊ द्या की," काका म्हणाले. "तुमचं काय जातंय?"

"काका, वायर जोडली म्हणून तुम्ही सुरक्षित आहात. कुंकवानं नाही."

"व्हय, वायर जोडली त्ये बेस झालं. पर वायर नव्हती तवा कोन होतं?"

मी रुमालाची घडी उलटी केली.

"एवढं डोळ्यानं बघूनबी तुमचा इस्वास नाय?"

"नाही."

"मंग ते पान?"

"माहीत नाही, काका."

ते हसले. "लई कडक हायत तुम्ही," म्हणाले आणि पुढची बास्केट सोडायला वळले. कुंकू मी पुसलं. उद्या ते पुन्हा लावतील, हे मला माहीत आहे. मी पुन्हा पुसेन.

तर वाचकहो, "कुठलीतरी शक्ती तुमच्या पाठीशी होती" असं खाली कुणी लिहू नका. त्या शक्तीला आठ महिने वायर दिसली नव्हती का? नेटवर्कचं काम जाणणाऱ्यांनी जरूर लिहा. मी काय काय तपासलं ते वर दिलंय, माझी चूक दाखवलीत तर इथंच जाहीर आभार मानेन. आजवर सात जणांना विचारलं आहे. सातही जण फोटो बघून आधी हसले, मग खुर्ची पुढे ओढून बसले, आणि शेवटी मोबाईल परत देऊन उठले.

उत्तर नाही. नाही तर नाही. ती जागा मी रिकामी ठेवलीय आणि रिकामीच ठेवणार आहे. तिथं मी कुणाला मूर्ती बसवू देणार नाही, आणि तिथं काही नव्हतंच असंही कुणाला म्हणू देणार नाही.